सुट्टीतली दुपार आणि घरची ज्वारीची बिस्किटं



बुद्ध पौर्णिमा झाली, विहारात खीरदान झालं, शाळांना सुट्ट्या आहेत. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्याशिवाय उघडत नाहीत. तोवर आई कामावर, बाबा कामावर आणि मुलं टिनाच्या घरात. सकाळी अकरा ते पाच बाहेर जाऊ नका म्हणून आम्ही सांगतो खरं. पण घरात बसून मुलांनी करायचं काय, हे आम्ही सांगत नाही. मग हातात मोबाईल येतो, नाहीतर मुलं डोळा चुकवून विहिरीवर पोहायला जातात.

मालेगावच्या (आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या, नाशिककडच्या नव्हे) एका वस्तीत महिलांच्या बैठकीत हाच प्रश्न निघाला. एक आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी दिवाळीआधी पीठ, साखर, डालडा घेऊन बेकरीत जायचो न बिस्किटं काढून आणायचो. लेकरं दिवसभर भट्टीपाशी बसून राहत." बेकरीतल्या पत्र्यावर नंबर टाकून आपली बिस्किटं ओळखायची, गरम डबा डोक्यावर घेऊन घरी यायचं, हे पुष्कळांना आठवत असेल. त्यावरूनच हा लेख सुचला. मैदा आणि डालडा सोडून, घरच्या ज्वारीची बिस्किटं मुलांच्या हातून कशी करायची आणि त्यात आरोग्याचं काय आहे, ते या वेळी पाहू.

आधी पुडा वाचू

वस्तीत फिरताना सकाळी बहुतेक घरांत एकच न्याहारी दिसते, चहा आणि बिस्किट किंवा टोस्ट. स्वस्त पडतं, लवकर होतं, मूल रडत नाही. आईचा यात दोष नाही. पहाटे कामावर जाणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? पण मूल काय खातं, हे तर कळलं पाहिजे.

मुलांना एक काम द्या. दुकानातून आणलेल्या पुड्यामागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला सांगा. जो पदार्थ वजनाने सगळ्यात जास्त, त्याचं नाव पहिलं लिहायचं असा नियम आहे. बहुतेक पुड्यांवर आधी मैदा, मग साखर, मग पाम तेल अशी नावं सापडतील. दूध, गहू, काजूचं चित्र समोर मोठं असतं, पण यादीत त्यांचा नंबर कितवा आणि टक्के किती, ते मुलांनाच शोधू द्या. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना अक्षर शिकू दिलं नाही, त्यांच्या नातवंडांनी कंपनीचा पुडा वाचून प्रश्न विचारावा, हेही शिक्षणच आहे.

चहासोबत नको, ते का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ प्रमाणे महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे तीन मुलांमागे दोन. रक्त कमी असलेलं मूल लवकर थकतं, वारंवार आजारी पडतं, वर्गात लक्ष लागत नाही. मास्तर म्हणतात, पोरगं मंद आहे. मूल मंद नसतं, त्याला लोह कमी पडतं.

चहातले काही घटक अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. एका बाजूने मैद्याचं बिस्किट, दुसऱ्या बाजूने चहा, म्हणजे आधीच थोडं असलेलं लोहही वाया. लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो यांतलं क जीवनसत्त्व उलटं काम करतं, लोह अंगी लागायला मदत करतं. म्हणून आपण करू ती बिस्किटं लिंबूपाण्यासोबत द्या. लहान मुलांना चहा देऊच नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बिस्किट हे रक्त वाढवायचं औषध नाही. ज्वारीत लोह आहे, पण त्यातलं थोडंच अंगी लागतं. गूळ खाल्ला की रक्त वाढतं, हाही समज मोठा आहे. गुळात लोह थोडं आणि गोडवा जास्त. शेवटी ती साखरच. रक्त कमी होऊ नये म्हणून सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीत मोफत मिळणारं लोहाचं औषध द्यायलाच हवं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलि, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा गुलाबी गोळी, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी. सुट्टीत शाळेतली गोळी बंद पडते, तेव्हा आशाताईंना विचारा. जंताची गोळीही चुकवू नका.

काय लागेल

घरातली एकच वाटी सगळ्याला माप म्हणून वापरा.

ज्वारीचं पीठ १ वाटी, गव्हाचं पीठ १ वाटी, फल्लीदाण्यांचा बारीक कूट अर्धी वाटी, किसलेला गूळ अर्धी वाटी, तेल किंवा पातळ केलेलं तूप अर्धी वाटी, खायचा सोडा पाव चमचा, दही १ चमचा, चिमूटभर मीठ, असेल तर विलायची, आणि भिजवायला लागेल तसं तीन-चार चमचे दूध. वाटी मध्यम असेल तर साधारण चोवीस बिस्किटं होतात.

नुसत्या ज्वारीचं बिस्किट हातात घेतलं की भुगा होतो. गव्हात चिकटपणा आहे, ज्वारीत नाही. म्हणूनच भाकर थापायला गरम पाणी लागतं आणि पोळी लाटता येते. हे मुलांना दोन्ही पिठांचे गोळे ताणून दाखवा. नाचणी मिळाली तर ज्वारीच्या जागी अर्धी नाचणी घाला. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. हाडं भरायच्या वयात ते कामाचं आहे. डालडा मात्र घालू नका, घरात असेल ते साधं तेल चालतं.

दुपारी कोरडं काम, संध्याकाळी भट्टी

टिनाच्या घरात भर दुपारी चूल किंवा गॅस पेटवू नका. दुपारी फक्त कोरडं काम करायचं, तेही वयाप्रमाणे वाटून.

तीन-चार वर्षांचं मूल भाजलेल्या दाण्यांची टरफलं चोळून काढेल. पण अख्खा दाणा त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका, श्वासनळीत अडकतो. जवळ मोठं कुणी असेल तरच हे काम द्या. पाच ते आठ वर्षांची मुलं पीठ चाळतील, वाट्या मोजतील. नऊ ते बारा वर्षांची मुलं गूळ किसतील, दाणे कुटतील, कृती वहीत लिहून घेतील. वस्तीतल्या चार घरांची मुलं एकत्र आली तर दुपार कशी गेली कळत नाही.

सुरुवातीला हात साबणाने धुवायचे, नखं पाहायची. जुलाब किंवा खोकला असलेल्या मुलाने त्या दिवशी वहीचं काम करायचं. पीठ ओलं करून तासन्‌तास ठेवू नका, उन्हाळ्यात दूध-दही लवकर नासतं. ऊन उतरलं, घरी मोठं माणूस आलं, की मगच भिजवायचं.

ज्वारीचं पीठ मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजून गार करा, कच्चट वास जातो. परातीत तेल आणि गूळ हाताने फेसा. त्यात दोन्ही पिठं, कूट, मीठ, विलायची, सोडा आणि दही घाला. दूध चमच्या-चमच्याने घालत गोळा जमेल इतपतच भिजवा, पोळीच्या कणकेसारखं मळू नका, नाहीतर बिस्किट कडक होतं. लिंबाएवढे गोळे करून हलके चपटे करा. वरून काट्याने किंवा बोटाने नक्षी मुलांना करू द्या.

जाड बुडाचा जुना गंज किंवा कढई घ्या. तळाला बोटाच्या पेराएवढं मीठ किंवा धुऊन वाळवलेली रेती पसरा, त्यावर एखादी कडी किंवा उलटी वाटी ठेवा आणि झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. तेल लावलेल्या ताटलीत गोळे अंतर ठेवून मांडा, ताटली सांडशीने आत ठेवा, झाकण घाला, आच मंद करा. वीस-पंचवीस मिनिटांनी कडा तांबूस दिसल्या की काढा. गरम असताना बिस्किट मऊच लागतं, गार झाल्यावर खुसखुशीत होतं. मुलांना पंधरा मिनिटं थांबायला लावणं हे सगळ्यात अवघड काम आहे! पूर्ण गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरा, आठवडाभर टिकतात. कुकर वापरायचा असेल तर शिट्टी आणि रबर काढूनच वापरा.

फुगलं कशाने?

बिस्किट का फुगलं, असं मूल विचारेल. विचारलं नाही तर तुम्ही विचारा. वेगळ्या वाटीत चिमूटभर सोडा घेऊन त्यावर लिंबू पिळा. फसफस होतं. सोडा आणि आंबट पदार्थ भेटले की वायू तयार होतो. तोच वायू पिठात अडकतो, गरमीने पसरतो आणि बिस्किट फुगतं. असाच फेस काढून कुणी बाबा 'चमत्कार' दाखवू लागला, तर हे मूल हसेल. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे संविधानाच्या कलम ५१-क मध्ये नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. त्याची सुरुवात वाटीभर सोड्यानेही होते.

आगीजवळ मोठं माणूसच

एकदा आमच्यासमोर चार वर्षांची मुलगी आली. गरम पातेल्याला हात लागून तळवा भाजला होता. घरच्यांनी घाबरून टूथपेस्ट लावली होती. ती पेस्ट काढताना त्या लेकराने फोडलेला टाहो आम्ही विसरलो नाही. म्हणून हे पाठ करा.

भाजल्यावर लगेच साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तेल, काहीही लावू नका. बांगडी, दोरा, अंगठी सूज येण्याआधी काढा. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैल झाका. चेहरा, हात, पाय, जांघ भाजली असेल किंवा मुलाच्या तळहातापेक्षा मोठी जागा असेल तर लगेच दवाखाना, गरज पडल्यास १०८ला फोन.

बारा वर्षांखालच्या मुलाने आच पेटवायची नाही, झाकण उघडायचं नाही. मोठं माणूस घरी नसेल तर त्या दिवशी भट्टी नाही. तेवढं मुलं ऐकतात, फक्त कारण सांगावं लागतं.

मुलगा पण, मुलगी पण

हा खेळ आहे, मुलीवर टाकलेलं आणखी एक काम नाही. ताईने पीठ भिजवायचं, भांडी घासायची आणि दादाने फक्त खायचं, असं होत असेल तर बिस्किटं न केलेली बरी. आमच्या त्या वस्तीत पहिल्या दिवशी मुलं लांब उभी राहून हसत होती. दुसऱ्या दिवशी भांडी घासायची पाळी मुलांवर आली. तिसऱ्या दिवशी सातवीतला एक मुलगा आईला सांगत होता, "तू बस, मी करतो." त्या आईने हे आम्हाला तीनदा सांगितलं. पाळी आलेल्या मुलीलाही बाजूला बसवू नका. तिच्या हाताने बिस्किट नासत नाही.

आपल्या हातचं

या बिस्किटांत आणखी एक गोष्ट आहे. आपल्या माणसांच्या हातचं पाणी, हातचं अन्न नाकारण्याचा इतिहास आपल्याला शिकवावा लागत नाही. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला, तो माणूस म्हणून हक्क सांगण्यासाठी. शाळेत मुलांसाठी शिजवणाऱ्या बाया नेमताना दलित-आदिवासी बायांना प्राधान्य द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली सांगावं लागलं. म्हणजे ताटातली जात इतक्या वर्षांनीही उठली नव्हती. म्हणून मुलांना सांगा, डबा भरून शेजारी द्या, शाळा उघडली की वर्गात न्या, कुणी कुठल्याही घरचा असो. आपल्या हातचं ताठ मानेने पुढे करायला मूल घरातच शिकतं.

मात्र पोटाला पहिलं जेवण, मग बिस्किट. भाकर, वरण, भाजी, अंडं यांची जागा बिस्किटाने घ्यायची नाही. दिवसाला दोन पुरे. वर्षाखालच्या बाळाला गुळाचं काहीच नको, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाला दुधात मऊ करून द्या.

उपाशी राहून शरीर झिजवल्याने ज्ञान मिळत नाही, हे सिद्धार्थाला कळलं आणि त्याने सुजाताची खीर स्वीकारली. आपण दर वैशाख पौर्णिमेला खीर वाटतो ती त्याच आठवणीने. पोट भरलेलं, रक्त भरलेलं मूलच विचार करू शकतं. येत्या रविवारी संध्याकाळी ऊन उतरलं की मुलांना हाक मारा, हात धुवायला लावा आणि वाटी त्यांच्या हाती द्या.