गुंजोटीचा वेदप्रकाश

मैत्रिणींनो, पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना नवल वाटेल, पण आमच्या मराठवाड्यात झेंडावंदनाचे दिवस एकाने जास्त! १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा आमचं उमरगा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. आम्हांला मोकळा श्वास घ्यायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. हे तेरा महिने आणि त्याआधीची कितीतरी वर्षं ज्यांनी सोसली, त्यांतला एक तरुण उमरग्याजवळच्या गुंजोटीचा. नाव वेदप्रकाश.

आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं. आर्य समाजात गेल्यावर तो वेदप्रकाश झाला. आज वाटतं, त्यात काय एवढं? पण त्या काळी संस्थानात सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी लागे. मंदिर बांधायला, हवनकुंड करायला आडकाठी असे. अशा वेळी गावात राहून, चारचौघांत आपलं मत उघड बोलणं म्हणजे विस्तवाशी खेळच. वेदप्रकाश तो खेळला आणि गुंजोटीतच त्याची हत्या झाली. वय ऐन तारुण्यातलं. आपल्याकडे या वयाच्या मुलासाठी सोयरीक बघायला नुकती सुरुवात होते!

त्यानंतर १९३८-३९ मध्ये आर्य समाजाचा मोठा सत्याग्रह झाला. देशभरातून हजारो लोक आले आणि निजामाचे तुरुंग भरून गेले. त्या लढ्यातला पहिला हुतात्मा म्हणून वेदप्रकाशचं नाव घेतलं जातं. पण मैत्रिणींनो, 'हुतात्मा' हा शब्द पुढे लागला. त्या दिवशी घरच्यांना तो हाक मारून जेवायला बोलवायचा मुलगाच होता. इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ येते, पण त्या ओळीमागे एका घरात चूल पेटलेली नसते, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

मी अर्धवेळ शिकवते. वर्गात ही गोष्ट सांगितली की एखादा मुलगा हमखास विचारतो, "बाई, त्याला कोणी मारलं? कोणत्या जातीचे होते?" वर्गात सगळ्या घरांतली मुलं बसलेली असतात. इथे शब्द जपून वापरावा लागतो. काय घडलं ते लपवायचं नाही, पण त्याचं ओझं शेजारच्या बाकावरच्या पोराच्या डोक्यावर टाकायचं नाही.

मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगते. हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचा तरुण पत्रकार होता. 'इमरोज' हे उर्दू दैनिक चालवायचा. संस्थान भारतात सामील व्हावं, असं त्यानं निर्भीडपणे लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला रस्त्यात गाठून मारलं. त्याचा लिहिता हात तोडला. वय अवघं सत्तावीस. आणखी महिनाभर जगता, तर संस्थान मुक्त झालेलं पाहता! एक गुंजोटीचा आर्य समाजी, एक हैदराबादचा मुसलमान. दोघांचं मागणं एकच होतं: माणसाला आपलं मत बोलता आलं पाहिजे. हे ऐकल्यावर वर्ग गप्प होतो आणि 'कोणत्या जातीचे' हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

आता थोडं आपल्या घरातलं. १९४८ साल डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. घरात, गल्लीत एखादी आजी असेल तर दुपारी निवडणं-टिपणं घेऊन तिच्यापाशी बसा. 'रझाकारांच्या वेळी तुम्ही कुठं होता?' एवढंच विचारा. दागिने कुठं पुरले, रातोरात कोणत्या गावी गेलो, कोणत्या शेजाऱ्यानं आसरा दिला, सगळं निघेल. शेजाऱ्याचं नाव तर आवर्जून विचारा. हिशेबाच्या वहीची मागची चार पानं त्यासाठी ठेवा. मुलांकडून लिहून घ्या, म्हणजे त्यांच्याही कानावरून जाईल.

आणि येत्या १७ सप्टेंबरला मूल शाळेतून नुसता लाडू खाऊन घरी आलं, तर त्याला जवळ घेऊन वेदप्रकाशची गोष्ट सांगा. सोबत शोएबुल्लाचीही सांगा. ऐन तारुण्यात गेलेल्या या पोरांचं उरलेलं आयुष्य आपण काही त्यांना देऊ शकत नाही. त्यांचं नाव मात्र आपल्या उंबऱ्याच्या आत जपता येतं.