वीरप्पनचं वेगळं, पुष्पाचं वेगळं

‘‘यात वासच नाही हो! डुप्लिकेट दिलंत तुम्ही.’’

काष्ठौषधीच्या दुकानात माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाई रक्तचंदनाचा तुकडा नाकाशी धरून दुकानदाराला धारेवर धरत होत्या. तो अजिजीने म्हणाला, ‘‘ताई, रक्तचंदनाला वास नसतो.’’ त्यावर बाई म्हणाल्या, ‘‘वास नाही तर त्याला चंदन कशाला म्हणायचं?’’ याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्याने पैसे परत केले आणि बाई जिंकल्याच्या थाटात पायऱ्या उतरल्या. अस्सल माल परत देऊन.

मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर लोक मला दोनच गोष्टी विचारतात : कुंडीतला मोगरा का फुलत नाही, आणि चंदनाबद्दल काहीतरी. २०२१च्या डिसेंबरात रक्तचंदनाच्या तस्करीवरचा ‘पुष्पा’ हा चित्रपट आला आणि दुसऱ्या प्रश्नाला ऊत आला. ‘चंदनाचीच ती लाल जात ना? जास्त महाग, म्हणजे जास्त गुणकारी?’ लग्नात, बँकेच्या रांगेत, सकाळी फिरायला जाताना, सगळीकडे हेच. पहिल्या दहा वेळा मी शांतपणे समजावलं. आता माझा आवाज चढतो, हे मला मान्य आहे.

तर पुन्हा एकदा. रक्तचंदन ही चंदनाची लाल जात नाही. ते चंदनाचं भाऊबंदही नाही.

आपण देवाला ज्याचं गंध उगाळतो ते पांढरं चंदन म्हणजे सँटॅलम अल्बम. रक्तचंदन म्हणजे टेरोकार्पस सँटॅलिनस, म्हणजे शेंगा धरणाऱ्या झाडांच्या कुळातलं, तूर-हरभऱ्याच्या गोतावळ्यातलं. त्याचा सख्खा भाऊ आपल्याच जंगलात आहे. ज्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून मधुमेहाचे रुग्ण सकाळी पितात, तो बिबळा. बिबळ्याला येतात तशाच गोल, चपट्या, कडेने पातळ पंख असलेल्या शेंगा रक्तचंदनाला येतात. चंदनाला शेंग येतच नाही. वाटाण्याएवढी, पिकल्यावर काळी-जांभळी होणारी गोल फळं येतात आणि बुलबुल, कोकिळा ती खाऊन बिया गावभर पेरतात.

वासाचं कारणही साधं आहे. चंदनाच्या गाभ्यात तेल असतं आणि त्या तेलात सँटॅलॉल नावाचे दोन मुख्य घटक असतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अल्फा-सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटॅलॉल १६ ते २४ टक्के असेल, तर ते तेल खरं. रक्तचंदनात हे तेल नाही. त्यात सँटॅलिन नावाचं लाल रंगद्रव्य आहे. एकाची सगळी किंमत सुगंधात, दुसऱ्याची रंगात आणि लाकडाच्या घट्टपणात. मध्ययुगात युरोपातले आचारी रक्तचंदन वापरायचे ते रश्शाला लाली आणायला, सुवासासाठी नव्हे.

घरी दोन्ही असतील तर सहाणेवर उगाळून बघा. चंदनाचं खोड मऊसूत फिरतं, फिकट पिवळं गंध सुटतं आणि तीन-चार वेढ्यांत वास खोलीभर होतो. रक्तचंदन खरखरतं, मनगट दुखवतं आणि विटकरी लेप देतं. वास ओल्या लाकडाचा, बस. हवं तर बादलीत टाकून बघा. रक्तचंदनाचा गाभा पाण्यापेक्षा जड असतो, तो थेट तळाला जातो.

या घोळात तिसरं एक लाकूड लोक आणून घुसवतात. केरळात हॉटेलात बसलं की समोर गुलाबी कोमट पाणी येतं. परतलेली मंडळी सांगतात, ‘तिथे रक्तचंदनाचं पाणी देतात.’ तेही चूक. ते पतिमुखम, म्हणजे आपलं पतंग. रक्तचंदनाचा रंग पाण्यात जेमतेम उतरतो, खरा खुलतो तो अल्कोहोलमध्ये. त्यामुळे ‘पाणी लाल झालं म्हणजे रक्तचंदन अस्सल’ ही परीक्षा तर बरोबर उलटी आहे.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो, कारण प्रश्न रास्त होता. वास नाही तर चंदन कशाला म्हणायचं? कारण आपल्या जुन्या ग्रंथकारांनी चंदन हे नाव एकाच झाडाला बांधून ठेवलं नव्हतं. सोळाव्या शतकातला भावमिश्र पांढरं, पिवळं आणि लाल चंदन वेगवेगळं सांगतो, पतंगही त्यांच्या शेजारीच बसवतो. पण नाव एकत्र घेतलं म्हणून त्यांची सरमिसळ मात्र तो होऊ देत नाही. उत्तम चंदनाची त्याने दिलेली ओळख आजही दुकानात उपयोगी पडेल अशी आहे : चवीला कडू, उगाळल्यावर पिवळं, कापल्यावर लालसर, वरून पांढरं, अंगाला गाठी आणि पोकळ्या. यातलं ‘कापल्यावर लालसर’ एवढंच ऐकून कुणी रक्तचंदनापाशी पोचला, तर दोष भावमिश्राचा नाही.

शार्ङ्गधरसंहितेने तर वैद्यांसाठी सरळ नियमच घालून दिला. पाठात नुसतं ‘चंदन’ म्हटलं असेल, तर चूर्ण, तेल-तूप, आसव आणि अवलेह यांत पांढरं घ्यायचं; काढ्यात आणि लेपात बहुधा रक्तचंदन. म्हणजे सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या वैद्यांनाही हा गोंधळ होतो हे माहीत होतं आणि त्यांनी तो निस्तरलाही होता. आपण तो नव्याने करून ठेवला.

या नियमामुळेच आपल्या आज्या बरोबर होत्या. आमच्या घरी रक्तचंदनाची एक बाहुली होती, तिरुपतीहून आणलेली. पडलो, धडपडलो, मुका मार बसला की आजी ती बाहुली सहाणेवर घासायची. वर्षानुवर्षं घासून तिचं नाक गेलं, मग कपाळ गेलं. माझ्या आठवणीत ती मानेपासून खालीच उरली होती. सुजेवर रक्तचंदन, कपाळावर आणि घामोळ्यांवर पांढरं, यात आजीची कधीही गल्लत झाली नाही. ती चौथी शिकलेली होती. गल्लत पदवीधर करतात.

आता एवढं जोडायला हवं की सुजेवर रक्तचंदन लावून बरं वाटतं यात ओल्या, गार लेपाचा वाटा मोठा आहे. त्यातल्या काही घटकांचा दाह कमी करणारा गुण प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेला आहे, माणसांवरच्या चांगल्या चाचण्या फारशा नाहीत. गालगुंडावर लेप लावला आणि आठ-दहा दिवसांत गाल उतरला, तर तो विषाणूचा आजार तसाही उतरणारच होता. मुका मार असेल तर बाहुली काढा. हाड मोडलं असेल तर एक्स-रे काढा.

आणि तस्करी? चंदनतस्कर वीरप्पन ज्याच्या जिवावर जगला ते पांढरं चंदन, कर्नाटक-तमिळनाडूच्या सीमेवरच्या जंगलातलं. पुष्पा तोडतो ते लाल, आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरांतलं. रक्तचंदन रानात उगवतं ते मुख्यतः त्याच पट्ट्यात, जगात इतरत्र जवळजवळ नाहीच. १९९५पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. ते चोरलं जातं ते औषधासाठी नव्हे. चीनमध्ये उंची फर्निचरला आणि जपानमध्ये शामिसेन या वाद्याच्या दांड्याला त्याचं मोल आहे. ‘एवढं महाग म्हणजे काहीतरी जबरदस्त औषध असणार’ हा तर्क लावणाऱ्यांनी सागवानी कपाटाचा काढा करून बघावा.

पांढऱ्या चंदनाबद्दलच्या बहुतेक समजुती यापेक्षा जुन्या आहेत, पण त्यांच्यावर एवढा घसा कोरडा करावा लागत नाही.

चंदनाच्या झाडाला साप वेटोळे घालून बसतात : कवींना बसू द्या. सुगंध गाभ्यात असतो आणि गाभा आत असतो. उभ्या झाडाच्या सालीला, पानांना वास नाही. साप दिसलाच तर तो फळं खायला आलेल्या पाखरांमागे आलेला असेल.

चंदन बांडगूळ आहे, दुसऱ्या झाडांना मारतं : अर्धं खरं. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार घेतात, पण अन्न ते स्वतःच्या हिरव्या पानांत स्वतः तयार करतं. म्हणून तर रोपाशेजारी तूर लावतात.

चंदन लावायला सरकारची बंदी आहे : टिपू सुलतानाने १७९२मध्ये त्याला शाही वृक्ष केलं, त्याची भीती अजून गेलेली नाही. कर्नाटकाने २००१मध्ये आणि तमिळनाडूने २००२मध्ये कायदा बदलून आपल्या जमिनीतलं चंदन मालकाचं केलं. महाराष्ट्रात लावायला आडकाठी नाही, तोडायला परवानगी लागते. उलट आता ‘बारा वर्षांत करोडपती’ सांगणाऱ्या जाहिरातींचीच भीती जास्त. गाभा धरायलाच दहाएक वर्षं लागतात, तेलाने भरायला त्याच्या दुप्पट-तिप्पट. आणि तेल मुळांत सर्वांत जास्त, म्हणून झाड तोडत नाहीत, मुळासकट उपटतात.

चंदनाने गोरं होता येतं : इथे मात्र थोडं थांबतो. चरकाने चंदन ‘वर्ण्य’ गणात घातलं आहे, आणि साबणवाल्यांनी त्याचा अर्थ ‘गोरेपणा’ असा लावला. वर्ण्य म्हणजे कांती सुधारणारं. तोच चरक चंदनाला दाह शमवणाऱ्या आणि खाज घालवणाऱ्या गणांतही घालतो. पुरळ गेलं, खाज गेली, तर कांती सुधारणारच, सावळी असो की गोरी. खरगपूरच्या आयआयटीत चंदनतेलाने टायरोसिनेज हे रंगद्रव्य बनवणारं विकर परीक्षानळीत रोखलं जातं असं दिसलं होतं, हे खरं. परीक्षानळीला चेहरा नसतो. उलट जपानमध्ये १९७०च्या दशकात सौंदर्यप्रसाधनांमुळे चेहरे काळवंडलेल्या बायकांची तपासणी झाली, तेव्हा ज्यांची ॲलर्जी सापडली त्या सुगंधी द्रव्यांत चंदनतेलही होतं. तेव्हा आधी कोपराच्या आत थोडं लावून दोन दिवस थांबा.

चंदनाच्या वासाने केस उगवतात : २०१८मध्ये ही बातमी सगळीकडे फिरली. मूळ संशोधन ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आहे. त्यात वापरलं होतं सँडलोर, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं, चंदनासारखा वास देणारं रसायन. तेही काचेच्या बशीत जिवंत ठेवलेल्या केसांच्या मुळांवर. चंदनाच्या झाडाचा त्यात संबंध एवढाच की वास त्याच्यासारखा.

चंदन थंड असतं, म्हणून पोटातही कितीही घ्यावं : पंढरीच्या विठोबाला पाडव्यापासून मृग लागेपर्यंत चंदनाची उटी लावतात, नैवेद्याला तेल वाढत नाहीत. उटीचा गारवा बऱ्याच अंशी त्यातल्या पाण्याचा असतो, सुकली की संपला. पोटात घेण्याची परंपराही जुनी आहे. लघवीच्या जळजळीवर आपल्याकडे चंदनासव दिलं जातं, आणि पेनिसिलिन येण्यापूर्वी परम्यावर युरोपात चंदनतेलाच्या कॅप्सूल खपायच्या. जर्मनीच्या, वनौषधी पारखणाऱ्या ‘कमिशन ई’नेही मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गात पूरक म्हणून ते मान्य केलं, पण कसं? दिवसाला एक-दीड ग्रॅम, आतड्यातच विरघळेल अशा आवरणात, वैद्यकीय देखरेखीशिवाय सहा आठवड्यांपलीकडे नाही, आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर अजिबात नाही. अत्तराच्या कुपीतलं तेल दुधात टाकून पिणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

महिन्याभराने त्या दुकानात पुन्हा गेलो. गल्ल्यावर पुठ्ठ्याची नवी पाटी होती : ‘रक्तचंदनाला वास नसतो. वास घेऊन माल परत केल्यास घेतला जाणार नाही.’ मला फार बरं वाटलं. पाटीच्या खाली बरणीत ‘शुद्ध चंदन पावडर’ होती, शंभर ग्रॅम चाळीस रुपये. झाकण उघडायच्या आधीच घमघमाट आला. मी दुकानदाराकडे पाहिलं.

‘‘सर,’’ तो म्हणाला, ‘‘ही मात्र कुणी परत आणत नाही.’’