भेसळीपासून भगरीपर्यंत : घरातल्या अन्नाचे बदलते प्रश्न



आपल्या आईवडिलांना अन्नाबद्दल काळजी असायची ती भेसळीची. दुधात पाणी, मिरचीपुडीत विटेची भुकटी, तांदळात खडे. १९५४ चा कायदासुद्धा अन्नभेसळ प्रतिबंधाचाच होता. पुढे त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली. नाव बदललं तसा प्रश्नही मोठा झाला. कोणी काय मिसळलं एवढंच नाही, तर साठवताना, दळताना, शिजवताना काय घडलं?

आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे भगर. एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र आलं की मराठवाड्यात भगरीच्या विषबाधेची बातमी येतेच. २० फेब्रुवारी २०२४ ला शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो भाविक आजारी पडले. दवाखान्यात जागा पुरेना, मग बाहेर दोऱ्या बांधून उघड्यावर सलाईन लावावं लागलं.

अशा वेळी लोक लगेच म्हणतात, "भेसळ असणार." पण अन्न व औषध प्रशासन भगरीबाबत सावध करतं ते बुरशीपासून. दमट हवेत भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते अन् ती विष तयार करते. पीठ तर ओलावा आणखी लवकर धरतं, म्हणून पडून राहिलेलं सुटं पीठ जास्त धोक्याचं. "चांगलं उकळलं की झालं" हा समज चुकीचा आहे. बुरशी मरते, विष राहू शकतं. मळमळ, उलट्या, चक्कर, अंग थरथरणं दिसलं की काढे पाजत बसू नका, १०८ ला फोन लावा.

परतूरच्या बाजारात भगर घेताना पाकीटबंद, तारीख बघून, लागेल तेवढीच घ्या. निवडून, धुऊन, वाळवून पीठ घरीच थोडंसं दळा.

काही भीत्या मात्र फुकटच्या असतात. शाळेच्या खिचडीतला 'प्लास्टिकचा तांदूळ' त्यातलाच. भिजवल्यावर तरंगणारे ते दाणे फोर्टिफाइड तांदळाचे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल व बी-१२ जीवनसत्त्व घालून ते बनवतात आणि साधारण १०० किलोला १ किलो मिसळतात. माता-पालक बैठकीत मूठभर तांदूळ पाण्यात टाकून दाखवा. आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंनाही सांगून ठेवा, वर आलेले दाणे पाण्याबरोबर ओतून द्यायचे नाहीत.