मांजराला वारंवार होणारा लघवीचा त्रास : धोका कधी, आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?

"डॉक्टर, बोक्याले लघवी नाही होऊन राहिली जी. माणसाचीच अर्धी गोळी देऊ का?" दिघोरीत दवाखाना चालवताना हा प्रश्न मला वर्षातून काही वेळा तरी विचारला जातो. बहुतेकदा स्वतःचे बीपी तपासून झाल्यावर, उठता उठता. मी माणसांचा डॉक्टर आहे. मांजराचे निदान आणि औषध हे पशुवैद्यकाचे काम. पण माणसाच्या लघवीच्या त्रासाबद्दल आपल्याला जे माहीत असते तेच मांजराला लावले, तर मांजराचा जीव जाऊ शकतो. म्हणून हा लेख.

लघवी अडली असेल तर थांबू नका

बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे फारच अरुंद असते. त्यात चिकट स्राव आणि बारीक खडे मिळून बूच बसले की लघवी पूर्ण अडते. मादीमध्ये हे क्वचित घडते, कारण तिची नलिका आखूड आणि रुंद असते. लघवी अडली की मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि शेवटी हृदयाचे ठोके बिघडतात. हे सगळे एक-दोन दिवसांत होऊ शकते.

लक्षणे अशी : बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, जोर करतो, ओरडतो, पण बाहेर थेंब येतात किंवा काहीच येत नाही. लघवीची जागा सतत चाटतो. नंतर उलट्या होतात, खाणे सुटते, कोपऱ्यात जाऊन पडून राहतो. घरच्यांना वाटते याला शौचास होत नाही, आणि मग एरंडेल किंवा तूप पाजले जाते. त्यात मोलाचे तास जातात. बोका जोर करतोय आणि लघवी दिसत नाही, एवढे कळले तरी पुरे. "सकाळी बघू" म्हणू नका. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्नही करू नका, तट्ट फुगलेले मूत्राशय फुटू शकते.

ग्रामीण भागातील पशुवैद्यकांचे बहुतेक काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचे असते. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा की मांजराला भूल देऊन नळी घालण्याची सोय आहे का. नसेल तर वेळ न घालवता भंडारा किंवा नागपूर गाठा. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. मांजरासाठी गाडी येईलच असे नाही, पण जवळ कोण आहे ते विचारता येते.

माणसाची औषधे का नकोत?

पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्यासाठी यकृतात जी यंत्रणा लागते, ती मांजरात फार दुबळी असते. आपण तापासाठी घेतो ती 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि अर्धीही सुरक्षित नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

दुसरे औषध म्हणजे जळजळीसाठी मिळणारे गोड सायरप. ते प्रत्येक घरात असते आणि निरुपद्रवी समजले जाते. ते लघवी अल्कधर्मी करते. माणसाला त्याने बरे वाटते, पण मांजरात नेहमी आढळणारे स्ट्रुव्हाइट नावाचे खडे अल्कधर्मी लघवीतच बनतात. शिवाय यातील काही सायरपमध्ये पोटॅशियम असते. लघवी अडलेल्या मांजराच्या रक्तात ते आधीच वाढलेले असते, त्यात आपण भर घालतो.

जंतुसंसर्ग नसेल, तर मग काय?

माणसांत, विशेषतः बायकांमध्ये, लघवीला जळजळ म्हटले की पहिला संशय जंतुसंसर्गाचा असतो. मांजरात तसे नाही. तरुण आणि मध्यमवयीन मांजरात जंतुसंसर्ग कमीच आढळतो. तो म्हाताऱ्या, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजरात जास्त दिसतो. अर्ध्याहून अधिक मांजरांत ठोस कारण सापडतच नाही. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला सूज येते, लघवीत रक्त दिसते, पण तपासणीत जंतू नसतात. मांजराच्या मनावरचा ताण आणि घट्ट लघवी यांचा या दुखण्याशी मोठा संबंध आहे.

हा त्रास, लघवी अडली नसेल तर, बरेचदा आठवडाभरात आपोआप शमतो. त्यामुळे त्या काळात दिलेला प्रत्येक उपाय लागू पडला असे वाटते : शिल्लक राहिलेले अँटिबायोटिक, शेजारणीने सांगितलेला काढा, सगळेच. दोन-तीन महिन्यांनी त्रास परत येतो तेव्हा तेच पुन्हा सुरू होते. मूळ कारण तसेच राहते.

काही मांजरांत मात्र खरोखर खडे असतात. स्ट्रुव्हाइटचे खडे पशुवैद्यकाने सांगितलेल्या खास आहाराने विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावे लागतात. म्हणून त्रास दुसऱ्यांदा झाला की लघवीची तपासणी आणि एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून घ्या. खडा काढला असेल तर त्याचा प्रकार तपासायला सांगा. पुढचा आहार त्यावरच ठरतो.

पाणी

प्रतिबंधाचा सर्वात मोठा भाग इथे आहे. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. त्यांची मूत्रपिंडे लघवी फार घट्ट करू शकतात आणि तहान त्या मानाने कमी लागते. उंदरात सुमारे 70 टक्के पाणी असते, त्यामुळे शिकारीवर जगणाऱ्या मांजराचे भागते. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत मात्र पाणी साधारण 10 टक्केच असते. चार किलोच्या मांजराला अन्न आणि पाणी मिळून दिवसाला सुमारे 200 मिली पाणी लागते. नुसते दाणे खाणारे मांजर उरलेले सगळे वाटीतून पिऊन भरून काढेल, ही अपेक्षा फोल ठरते. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास.

म्हणून पाणी अन्नातूनच द्या. उकडलेले चिकन किंवा मासे त्याच पाण्यासकट द्या, फक्त त्यात मीठ, कांदा, लसूण नको. कांदा आणि लसूण मांजराला विषारी आहेत. दाणे देत असाल तर कोमट पाण्यात भिजवून द्या. पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी, पसरट आणि काठोकाठ भरलेली ठेवा. खाण्याच्या वाटीपासून आणि शौचाच्या जागेपासून ती दूर हवीत. पाणी रोज बदला. काही मांजरांना वाहते पाणी आवडते. कूलरच्या टाकीवर चढून पाणी पिणारे मांजर तेच सांगत असते. त्याला हाकलण्याऐवजी मातीच्या भांड्यात गार पाणी भरून ठेवा.

दुधाने पाण्याची गरज भागत नाही. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि शरीरातले पाणी उलट कमी होते. आपल्याकडे मांजराला दूध-भात घालायची पद्धत आहे. भंडाऱ्यात भाताशिवाय दुसरे काय घालणार, हेही खरे. पण मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. धान्याच्या आहाराने लघवी अल्कधर्मी होते, मांसाहाराने आम्लधर्मी राहते. भात थोडा असू द्या, मांस किंवा अंडी मुख्य असू द्या. खारवलेली सुकी मासळी टाळा. आहार बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवू नका, दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतावर गंभीर परिणाम होतो.

घरातला ताण

हे ऐकून लोक हसतात. पण लग्नसराईतले पाहुणे, फटाके, घराची डागडुजी, नवीन बाळ, दारात येणारा परका बोका, यातले काहीही पुरते. मांजराला लपायला एक शांत जागा द्या, एखादे खोके किंवा माळा चालतो. खाण्याची वेळ आणि जागा शक्यतो तीच ठेवा. बांधून ठेवू नका. घरात राहणाऱ्या लठ्ठ मांजरांना हा त्रास जास्त होतो, म्हणून रोज थोडे खेळवा.

मांजर घरातच शौच करत असेल तर मांजरांच्या संख्येपेक्षा एक पाटी जास्त ठेवा, आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी असू द्या. महागडी माती आणलीच पाहिजे असे नाही. कोरडी वाळू किंवा राइस मिलमधले धानाचे तूस चालते, फक्त रोज साफ करा. पाटी घाण असली की मांजर लघवी रोखून धरते. गरोदर बाईने ही सफाई करू नये. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो. मांजराचा हा लघवीचा त्रास मात्र सहसा माणसाला लागत नाही.

एकदा अडलेली लघवी मोकळी केल्यानंतरचे पहिले काही आठवडे जपायचे असतात. रोज लघवीचे ओले गोळे किंवा डाग मोजा. आदल्या दिवशी तीन आणि आज एकही नाही, तर लगेच निघा. वारंवार अडत असेल तर मूत्रमार्ग रुंद करणारी शस्त्रक्रिया असते, पण नंतर जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे तो निर्णय पशुवैद्यकाशी बोलून घ्या.

आणि आता माझ्या कामाचे. दुखण्याने बेजार मांजर पकडताना चावते, ओरबाडते. मांजर घरचे असले तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा, हळद-चुना लावू नका, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात. वरून जखम लहान दिसते, पण हात दुसऱ्या दिवशी सुजतो. नेताना त्याला जाड टॉवेलात गुंडाळा, किंवा भोके पाडलेल्या खोक्यात ठेवा.