ड्रायव्हरविना गाड्या येणार, मग टेम्पो घ्यायचा की नाही?

भिंगारचा एक मुलगा विचारतो, "सर, छोटा हत्ती घ्यायचाय. कर्ज पाच वर्षांचं. पण आता गाड्या आपोआप चालणार म्हणतात. हप्ते फिटायच्या आत माझा धंदा बसला तर?" व्हिडिओत यावर दोनच वाक्यं बोललो होतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर आधी. या भीतीपोटी टेम्पो थांबवू नका. भाडं मिळणार आहे का, परतीची फेरी रिकामी जाणार का, ते बघा.

अमेरिकेत फिनिक्स शहराच्या परिसरात वेमो कंपनीच्या टॅक्सी २०२० पासून ड्रायव्हर न बसवता सामान्य प्रवाशांना नेतात. हे खरं आहे. पण त्या आखून दिलेल्या भागातच चालतात आणि त्या भागाचा बारीकसारीक नकाशा आधी तयार केलेला असतो. आता आपला पाथर्डी रस्ता डोळ्यासमोर आणा. ऊसतोडीचे दिवस, रात्रीची वेळ, मागे दिवा नसलेली बैलगाडी, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, उलट्या बाजूनं येणारी मोटारसायकल. समोरच्यानं नुसती मान हलवली तरी आपल्या ड्रायव्हरला कळतं, हा थांबतोय की घुसतोय. मशीनला ते शिकवणं फार अवघड आहे.

फायदा मात्र मोठा आहे, तो नाकारू नका. मशीनला डुलकी लागत नाही, ते दारू पीत नाही, मोबाइल बघत नाही. अडचण येते ती चूक झाल्यावर. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीच्या गाडीनं सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, ती गेली. फौजदारी खटला कंपनीवर नाही, तर आत देखरेखीला बसलेल्या चालक बाईवर चालला! आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. गाडी माणूसच चालवतो असं धरून तो लिहिलाय. शिवाय नितीन गडकरींनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितलं, ड्रायव्हरांचे रोजगार जातील अशा गाड्या येऊ देणार नाही.

पण अर्धी आपोआप गाडी आपल्या रस्त्यावर आलेलीच आहे, आणि धंदा तिथं आहे. २०२१ मध्ये आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या मॉडेलमध्ये 'अ‍ॅडास' मिळालं. म्हणजे समोर धोका दिसला तर गाडी स्वतः ब्रेक लावते, पट्टा सुटला तर इशारा देते. त्यासाठी पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो, बंपरच्या भागात रडार असतं. आता बघा, काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे त्याची नजर पुन्हा जुळवावी लागते. रडारसमोरच्या बंपरला जाड पुट्टी भरून रंग मारला तर रडारला नीट दिसत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं काम झकास झालं, आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही.

काचेचं, डेंटिंग-पेंटिंगचं किंवा अलाइनमेंटचं दुकान टाकणाऱ्यांनी हे आत्ताच शिकून घ्या. पण मशीन लगेच घेऊ नका. आधी तीन महिने वहीत लिहा, अशा गाड्या किती आल्या. महिन्याला दोन-तीनच येत असतील तर नगर किंवा पुण्यातल्या मशीनवाल्याशी कमिशन ठरवून काम पाठवा. संख्या वाढली की मग कोटेशन मागवा आणि एका गाडीमागे किती सुटतात ते काढा. बिलावर कॅलिब्रेशन केलं की नाही, हे तारखेसह लिहा. गिऱ्हाइक नको म्हणालं तर तसं लिहून त्याची सही घ्या. उद्या अपघात झाला तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल.

आणि ज्याला टेम्पोच घ्यायचाय त्यानं कोटेशनसोबत विम्याचा हप्ताही आजच विचारून ठेवावा.