काळ्या पाटीचं घर

फ्रांकफुर्ट शहरात एक गल्ली होती. लांबी सुमारे ३३० मीटर, रुंदी कुठे तीन मीटर, कुठे चार. तिला तीन वेशी होत्या. रात्री, रविवारी आणि ख्रिस्ती सणांच्या दिवशी त्या बंद केल्या जात. आत राहत शहरातले ज्यू. १४६२ साली नगरपरिषदेने त्यांना आपापली घरं सोडून जुन्या तटबंदीलगतच्या या चिंचोळ्या पट्टीत राहायला भाग पाडलं. तेव्हा तिथे शे-सव्वाशे माणसं असतील. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती तीन हजारांच्या आसपास पोचली, आणि गल्ली मात्र एक हातभरही रुंद करायची परवानगी नव्हती. मग एका घराची दोन झाली, दोनाची चार झाली, परसदारी आणखी एक खोली निघाली, माडीवर माडी चढली.

घरांना क्रमांक नव्हते. दारावर एखादी पाटी किंवा कोरलेलं चित्र असे, आणि तेच घराचं नाव. जहाज, गरुड, शहामृग, कोंबडा, तारा. काहींच्या दारावर नुसती रंगीत पाटी: लाल, हिरवी, काळी. ‘काळ्या पाटीपाशी’ एवढं सांगितलं की टपाल पोचायचं, उधारी वसूल करणाराही पोचायचा. याच काळ्या पाटीच्या घरातून ‘श्वार्झशिल्ड’ हे आडनाव निघालं. ‘श्वार्त्स’ म्हणजे काळा. ‘शिल्ड’ म्हणजे पाटी, आणि ढालसुद्धा, कारण रंगवलेली ढाल दारावर टांगणं हीच युरोपातली पाटीची जुनी रीत.

एका घराची पाटी माणसाला चिकटते, माणूस घर सोडतो तरी सुटत नाही, पुढे घर जातं, गल्ली जाते, आणि नाव मात्र चारशे वर्षांनी आकाशातल्या सर्वांत अनाकलनीय गोष्टीला जाऊन लागतं. आडनावांच्या अभ्यासात याहून थक्क करणारी कहाणी मला तरी ठाऊक नाही.

ज्यूंमध्ये तोवर बहुतेक ठिकाणी कायमचं आडनाव नसेच. अमुकचा मुलगा तमुक, एवढ्यावर काम भागे. ऑस्ट्रियाने १७८७मध्ये आणि प्रशियाने १८१२मध्ये कायदा करून त्यांना आडनावं घ्यायला लावली. फ्रांकफुर्टच्या गल्लीत मात्र ते दोन-तीन शतकं आधीच आपोआप घडत होतं. एवढ्या दाटीत आयझॅक, मोझेस, मायर ही नावं पावलोपावली भेटणार. मग ‘कुठला मोझेस?’ या प्रश्नाला घराचंच उत्तर. पण घर बदललं की नावही बदलायचं, आणि कित्येक कुटुंबांचं बदललंही. तेव्हा गल्लीतली सगळीच नावं टिकली असं नाही. काही नावांनी कधीतरी दाराची चौकट सोडली आणि ती माणसांबरोबर चालू लागली, हे विशेष.

तो क्षण एका शेजारी कुटुंबात अगदी स्पष्ट दिसतो. सोळाव्या शतकात एल्खनानचा मुलगा आयझॅक ‘लाल पाटी’ या घरात राहत होता. पुढच्या पिढ्या ते घर सोडून गल्लीतल्याच ‘हिंटरफान’ नावाच्या घरात गेल्या. रिवाजाने त्यांचं नाव बदलायला हवं होतं. ते बदललं नाही. १७४४मध्ये त्या हिंटरफानमध्ये जन्मलेला मायर आम्शेल हा ‘लाल पाटी’वालाच राहिला, आणि पैसा गाठीला आल्यावर त्याने घर घेतलं ते ‘हिरवी पाटी’ नावाचं! हिरव्या पाटीच्या घरात राहणारा हा लाल पाटीवाला म्हणजे रोटशिल्ड पेढ्यांचा मूळपुरुष. आपली वर्तमानपत्रं इंग्रजी वाचून त्याला ‘रॉथचाइल्ड’ करतात. त्यात कुणाचं मूल नाही. रोट आणि शिल्ड, म्हणजे लाल आणि पाटी, असं ते तुटतं. श्वार्झशिल्डचंही तसंच. त्या हिरव्या पाटीच्या जोडघराचा दुसरा भाग होता ‘जहाज’, म्हणजे ‘शिफ’. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध बँकर जेकब शिफ यांचं घराणं या जहाजातलं.

आता श्वार्झशिल्ड हे आडनाव दुर्मिळ का, ते पाहू. जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारी पाच आडनावं म्हणजे म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर आणि वेबर: गिरणीवाला, लोहार, शिंपी, कोळी, विणकर. गिरणी प्रत्येक गावात, त्यामुळे म्युलर हे नाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलं. दोन म्युलर भेटले तर त्यांचं नातं असण्याचं काहीच कारण नाही. अशा नावांना हजार उगम असतात. श्वार्झशिल्डला उगम एकच: एक शहर, त्यातली एक गल्ली, तिच्यातला एक दरवाजा. दुर्मिळ आडनावाची ही श्रीमंती मला फार मोलाची वाटते. म्युलर आपल्याला धंदा सांगतो. श्वार्झशिल्ड पत्ता सांगतो.

जर्मनीत आठ लाखांहून अधिक वेगवेगळी आडनावं आहेत, आणि त्यांतली बहुसंख्य अत्यंत तुरळक आहेत. फ्रायबुर्ग आणि माइन्त्स इथल्या विद्यापीठांतल्या भाषाशास्त्रज्ञांनी त्यांचा एक भव्य नकाशासंग्रह तयार केला. आधार घेतला २००५ सालच्या घरगुती टेलिफोन जोडण्यांचा. त्यानंतर मोबाइलमुळे घरोघरचे फोन कमी होत गेले, त्यामुळे ही नोंद आता पुन्हा तशी मिळणार नाही. महायुद्धानंतर लक्षावधी निर्वासित इकडून तिकडे फेकले गेले, औद्योगिक शहरांनी खेड्यापाड्यांतली माणसं ओढून घेतली, तरीही असंख्य आडनावं त्या नकाशांवर अजून आपल्या जुन्या मुलखातच दाटून बसलेली दिसतात. पाचशे वर्षांपूर्वीच्या बोलीभाषांच्या सीमा एकविसाव्या शतकाच्या फोनबुकातून वाचता येतात, हे कळल्यावर त्या नकाशांकडे पाहतच राहावंसं वाटतं.

एकाच दारातून निघालेलं नाव टिकण्याची शक्यता किती? हा प्रश्न फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकाने १८७३मध्ये ‘एज्युकेशनल टाइम्स’मधून वाचकांना घातला. नामांकित घराण्यांची नावं लयाला जातात, ती घराणी खालावतात म्हणून, की निव्वळ योगायोगाने? हेन्री विल्यम वॉटसन या धर्मोपदेशक गणितज्ञाने उत्तर धाडलं आणि १८७४मध्ये दोघांचा निबंध आला.

गणित सोपं आणि धक्कादायक आहे. समजा शंभर पुरुषांची शंभर वेगळी आडनावं आहेत, नाव फक्त मुलग्यांकडून पुढे जातं, आणि प्रत्येकाला सरासरी एक मुलगा होतो. सरासरी एक, म्हणजे कुणाला एकही नाही, कुणाला तीन. लोकसंख्या घटत नाही, रोगराई नाही, युद्ध नाही. तरी पहिल्याच पिढीत सुमारे ३७ नावं संपतात. पाचव्या पिढीपर्यंत ७३. उरलेल्या नावांचे धनी वाढत जातात आणि पुरेसा काळ दिला तर याही नावांचा शेवट ठरलेला असतो. सरासरी एकाहून जास्त असेल तरच नावाला कायम तगण्याची काही आशा असते, आणि तेव्हाही खात्री नसते. वॉटसन या शेवटच्या पायरीवर चुकला. त्याने सगळ्याच नावांचा मृत्यू अटळ ठरवला. बरोबर उत्तर फ्रेंच गणितज्ञ बियेनेमे यांनी १८४५मध्येच मांडलं होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पुढे हेच गणित अणुभट्टीतल्या साखळी प्रक्रियेलाही लागू पडलं, कारण न्यूट्रॉनचंही तेच: कुणी पुढे दोघांना जन्म देतो, कुणी निर्वंश जातो.

तेव्हा एका दारातून निघालेलं नाव तीन-चारशे वर्षं टिकणं ही मुळातच नवलाची गोष्ट. मधल्या काळात तर गल्ली दोनदा जळाली होती, १७११मध्ये जवळपास सगळी आणि १७२१मध्ये पुन्हा मोठा भाग; १७९६मध्ये फ्रेंच तोफांनी उत्तरेकडची घरं पाडली. त्यानंतर कोंडवाडा संपला, १८६४मध्ये पूर्ण नागरी हक्क मिळाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उरलेली गल्ली पाडून टाकली गेली. दारावरची पाटी गेली. नाव शहरभर पसरलं.

गॉल्टनने आपला प्रश्न छापला त्याच १८७३ सालात, ९ ऑक्टोबरला, फ्रांकफुर्टमध्ये कार्ल श्वार्झशिल्डचा जन्म झाला. घराणं सोळाव्या शतकापासून त्याच शहरातलं. सोळा वर्षांचा असताना या मुलाने जोडताऱ्यांच्या कक्षांवर लेख लिहिले आणि ते खगोलशास्त्राच्या नियतकालिकात छापून आले. १९०१मध्ये तो ग्योटिंगनच्या वेधशाळेचा संचालक झाला, १९०९मध्ये पोट्सडामच्या. १९१४मध्ये युद्ध पेटलं तेव्हा चाळिशीतल्या या संचालकाने स्वतःहून सैन्यात नाव घातलं. बेल्जियममध्ये हवामान, फ्रान्समध्ये तोफांच्या गोळ्यांचे मार्ग, आणि मग रशियाची आघाडी.

नोव्हेंबर १९१५मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाची नवी समीकरणं मांडली. ती इतकी गुंतागुंतीची होती की खुद्द आइन्स्टाइननेही बुधाच्या कक्षेसाठी अंदाजे उत्तरावर काम भागवलं होतं. महिनाभराच्या आत, २२ डिसेंबरला, श्वार्झशिल्डने युद्धभूमीवरून त्यांना पत्र लिहिलं. त्यात एका गोलाकार वस्तूभोवतीच्या अवकाशाचं नेमकं उत्तर होतं. जानेवारी १९१६मध्ये आइन्स्टाइनने ते प्रशियन अकादमीपुढे ठेवलं. आघाडीवरच श्वार्झशिल्डला पेम्फिगस हा अंगभर फोड आणणारा असाध्य आजार जडला होता. ११ मे १९१६ रोजी तो पोट्सडामला वारला. वय बेचाळीस.

त्या उत्तरात एक अंतर दडलेलं होतं. एखादी वस्तू तेवढ्या त्रिज्येच्या आत दाबून बसवली तर तिथून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. सूर्यासाठी ही त्रिज्या सुमारे तीन किलोमीटर, पृथ्वीसाठी जेमतेम नऊ मिलिमीटर, आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या राक्षसी कृष्णविवरासाठी सव्वा कोटी किलोमीटर. तिला आज श्वार्झशिल्ड त्रिज्या म्हणतात. तिचा खरा अर्थ उमगायला पुढे कित्येक दशकं लागली. कृष्णविवरासाठीचा इंग्रजी शब्द जॉन व्हीलर यांच्यामुळे रूढ झाला तो १९६७च्या सुमारास. अंधाराच्या त्या सीमेला ज्याचं नाव मिळालं त्याच्या नावातच ‘काळी ढाल’ असावी, हा निखळ योगायोग आहे. मला त्यात कुठलाही संकेत शोधायचा नाही. पण अंगावर काटा येतो हे खरं.

नाव असं आकाशात चढत असताना जमिनीवर मात्र त्याची मुळं उपटली जात होती. कार्लचा चित्रकार भाऊ आल्फ्रेड लंडनला गेला. फ्रांकफुर्टचाच पत्रकार लेओपोल्ड श्वार्झशिल्ड १९३३मध्ये पळाला, पॅरिसमधून हिटलरविरोधी साप्ताहिक चालवत राहिला आणि १९४०मध्ये तिथूनही निसटून अमेरिकेला पोचला. कार्लचा मुलगा मार्टिन वडील गेले तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. १९३६मध्ये जर्मनी सोडून तो ऑस्लोमार्गे अमेरिकेत गेला आणि ताऱ्यांच्या अंतरंगाचा, त्यांच्या बाल्यापासून वार्धक्यापर्यंतचा, विसाव्या शतकातला एक थोर अभ्यासक ठरला. मुलगी अगाथे न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात ग्रीक-लॅटिनची प्राध्यापक झाली. तिथे तिने होमरवर लिहिलं आणि माओरींच्या मौखिक परंपरेवरही. लग्नानंतर ती थॉर्नटन. गॉल्टनच्या हिशेबात ती नावाची एक संपलेली फांदी. बापाची बुद्धी मात्र तिच्यात सोळा आणे होती.

जे निसटू शकले नाहीत त्यांच्यासाठी फ्रांकफुर्टमध्ये जुन्या ज्यू दफनभूमीची भिंत आहे. गल्लीच्या दक्षिण टोकाजवळच. त्या भिंतीत लोखंडी ठोकळे बसवले आहेत, ११,०००हून अधिक, प्रत्येकावर शहरातून नेऊन मारलेल्या एकेका ज्यू माणसाचं नाव. जर्मनीतल्या ज्यू आडनावांच्या दुर्मिळतेला गॉल्टन-वॉटसनचं गणित लावता येत नाही, ते इथे उभं राहिल्यावर कळतं. योगायोगाने नाव संपणं वेगळं आणि ठरवून संपवणं वेगळं.

१९८७मध्ये शेजारीच एका सरकारी इमारतीचा पाया खणताना गल्लीतल्या घरांची जोती सापडली. ती राखावीत म्हणून लोकांनी मोठं आंदोलन केलं. अखेर पाच घरांचे पाये जपले गेले आणि १९९२मध्ये तिथे संग्रहालय उघडलं.

आज ८३७ क्रमांकाचा लघुग्रह ‘श्वार्झशिल्डा’ आहे, चंद्राच्या पलीकडच्या बाजूला श्वार्झशिल्ड विवर आहे, थुरिंगियातल्या टाउटेनबुर्गच्या जंगलात दोन मीटरच्या दुर्बिणीची श्वार्झशिल्ड वेधशाळा आहे. बंगळूरुचे विश्वेश्वरा यांनी १९७०मध्ये दाखवून दिलं की धक्का बसलेलं श्वार्झशिल्ड कृष्णविवर ठरावीक स्वरात थरथरत शांत होत जातं. तशी थरथर टिपणारी भारतातली यंत्रणा, लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होते आहे. २०२३मध्ये तिला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. तिथे काम करायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींच्या वहीत हे नाव पहिल्याच वर्षी येईल, त्रिज्येच्या सूत्राशेजारी. तेव्हा कुणीतरी त्यांना त्या गल्लीतलं ते घरही सांगावं, असं मनापासून वाटतं.