स्वस्त कॅमेरा पारखताना

काही हजार रुपयांत ४८ मेगापिक्सेल आणि १६ पट झूम! शाळेच्या गॅदरिंगच्या किंवा घरातल्या लग्नाच्या तोंडावर मोबाइलवर अशी जाहिरात दिसली की कुणालाही मोह होतो. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, सास्तूरसारख्या गावी राहणाऱ्याला मोठ्या शहरातल्या दुकानात जाऊन चार कॅमेरे हाताळून पाहणं सोपं नसतं. सगळी भिस्त खोक्यावरच्या आकड्यांवर, आणि फसवतात ते हेच आकडे.

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. अल्बममध्ये लावतात त्या ४ बाय ६ इंची फोटोला, इंचाला ३०० ठिपके धरले, तरी १,८०० गुणिले १,२०० म्हणजे जेमतेम २२ लाख ठिपके लागतात. दोन-सव्वादोन मेगापिक्सेलमध्ये काम भागतं. १६ मेगापिक्सेलच्या फाइलमधून तर १५ बाय ११ इंचांचा स्वच्छ फोटो छापून निघतो. मग ४८ कशाला? अनेक बिननावाच्या स्वस्त कॅमेऱ्यांत सेन्सरवर तेवढे ठिपके नसतातच. आतलं सॉफ्टवेअर मधल्या जागा अंदाजाने भरून आकडा फुगवतं. झूमचंही तसंच. ‘ऑप्टिकल’ झूममध्ये भिंगं पुढेमागे सरकून दूरचं दृश्य खरोखर जवळ आणतात. ‘डिजिटल’ झूम म्हणजे काढलेल्या फोटोचा मधला तुकडा कापून ताणणं. खोक्यावर नुसतंच ‘१६ पट झूम’ लिहिलेलं असेल आणि ‘ऑप्टिकल’ हा शब्द कुठेच नसेल, तर तो कॅमेरा घेऊ नये.

एक खरं उदाहरण घेऊ. कोडॅक पिक्सप्रो एफझेड४५ हा या वर्गातला ओळखीचा कॅमेरा. नाव कोडॅकचं असलं तरी तो बनवते जेके इमेजिंग ही कंपनी, नावाचा परवाना घेऊन. ज्या कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, ती २०१२ मध्ये दिवाळखोरीपर्यंत पोहोचली होती. सॅसनच्या यंत्राला १० हजार ठिपक्यांचा एक कृष्णधवल फोटो कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद लागत. एफझेड४५ मध्ये १६ मेगापिक्सेल आहेत आणि चारपट ऑप्टिकल झूम. आकडे प्रामाणिक आहेत, पण मर्यादाही त्यांच्यातच दिसतात.

त्याचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, नखाहूनही लहान. भिंगं बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत सर्रास आढळणाऱ्या एपीएस-सी सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या सुमारे तेरापट असतं. सेन्सर लहान म्हणजे गोळा होणारा उजेड कमी. त्यात भिंगाचं तोंड झूम न करता एफ/३ असतं आणि झूम पूर्ण ताणला की एफ/६.६ होतं, उजेड जवळपास एक-पंचमांशावर येतो. सकाळच्या उन्हात अंगणात उभं राहिलेलं कुटुंब हा कॅमेरा छान टिपतो. तोच संध्याकाळी एका एलईडी दिव्याच्या खोलीत, किंवा स्टेजवर लेझीम खेळणाऱ्या पोरांवर दुरून रोखला की फोटो हलतो, नाहीतर दाणेदार होतो. फ्लॅशचा जोर फार तर तीन-चार मीटरपर्यंत. अशा वेळी झूम विसरून चार पावलं पुढे जाणं हाच उत्तम उपाय. माकणीच्या निम्न तेरणा धरणावरचे पक्षी टिपायची हौस असेल तर चारपट झूम पुरत नाही. बगळा पांढरा ठिपकाच राहतो.

मग मोबाइल काय वाईट? बहुतेकांसाठी मोबाइलच बरा, हे स्पष्ट सांगायला हवं. मोबाइल एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र जोडतो आणि कमी उजेडात या कॅमेऱ्यांना सहज मागे टाकतो. शेतकऱ्याच्या कामालाही तोच लागतो. राज्यात २०२१ पासून सुरू असलेल्या ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो ॲपमधूनच, जागेच्या नोंदीसह घ्यावा लागतो. साधा कॅमेरा तिथे निरुपयोगी. वेगळा कॅमेरा शोभतो तो शाळेत, जिथे मुलांच्या हाती मोबाइल द्यायचा नसतो, किंवा ज्याला फोन-मेसेजच्या व्यत्ययाविना फोटोच काढायचे आहेत त्याच्याकडे.

आणखी एक कसोटी म्हणजे फोटो टिकून राहणं; तिचं महत्त्व सास्तूरला नव्याने सांगावं लागणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं झोपेतच गाठली. सास्तूर त्यांतलंच. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर कोसळली, हजारो माणसं गेली. भिंतीवरची तसबीर आणि पेटीतले फोटोही त्याच ढिगाऱ्यात. तो रिळाचा काळ होता; घरात फोटो मोजके आणि बहुतेकांची प्रत एकच. डिजिटल कॅमेऱ्याची सर्वांत मोठी देणगी म्हणजे प्रत काढायला काहीच पडत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या खर्चातच दुसऱ्या कार्डाचे आणि निवडक फोटो छापून घ्यायचे पैसे धरावेत. एक प्रत परगावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. फोटो सरासरी ५ एमबीचा धरला तर ३२ जीबीच्या कार्डात सहा हजारांच्या आसपास मावतात; पण ते एकच कार्ड बिघडलं तर सगळेच जातात.

बॅटरीही पाहून घ्यावी. एफझेड४५ दोन पेन्सिल सेलवर चालतो, ही गावाकडे मोठीच सोय. मात्र घड्याळात घालतात ते साधे सेल त्यात लगेच मान टाकतात. अल्कलाइन किंवा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेलच घ्यावेत. ज्या मॉडेलला स्वतःची खास बॅटरी लागते, तिची जादा बॅटरी मिळते का ते आधी विचारावं. जुना कॅमेरा घेत असाल तर झूम पाच-सहा वेळा आतबाहेर करून घरघर ऐकावी, कारण भिंगाच्या नळीत शिरलेली धूळ काढणं खर्चिक असतं. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून मोठा करून पाहावा. सेन्सरवर डाग असतील तर ते तिथे दिसतात, आणि मग भाव कितीही पाडून मिळाला तरी तो कॅमेरा परत द्यावा.